‘व्हेरी’, ‘मच’ आणि लय ऊन

‘बो जेस्ट’ ही साहसकथा लिहिणारे पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. मार्टिन यांच्या जोडीने 1930 च्या दशकात त्यांनी जे इंग्रजी व्याकरण रचले, त्यातला एक दंडक नागपूरच्या धरमपेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांत अजून घोकला जातो: भूतकालवाचक धातुसाधिताआधी ‘मच’ लावा, ‘व्हेरी’ नको. ‘व्हेरी सरप्राइज्ड’ लिहिले की गुण गेला. ‘व्हेरी’ आणि ‘मच’ यांच्या सीमेवर फाउलरने 1926 च्या आपल्या इंग्रजी शब्दप्रयोगांच्या कोशात बराच कीस काढला होता. इंग्रज मात्र कधीचेच बिनदिक्कत ‘व्हेरी सरप्राइज्ड’ होतात.

दुसरा आक्षेप शैलीवाल्यांचा. स्ट्रंकच्या लेखनशैलीवरच्या छोट्या पुस्तकात 1959 साली भर घालताना ई. बी. व्हाइटने ‘व्हेरी’सारख्या शब्दांना गद्याच्या तळ्यात शब्दांचे रक्त पिणाऱ्या जळवा ठरवले. पण त्याच परिच्छेदात त्याने तेच शब्द मुद्दाम, मिश्कीलपणे पेरून ठेवले आहेत. भक्तांनी नियम पाठ केला, मिश्कीलपणा सोडून दिला.

मराठीत तर जोर देण्याची हौस विशेषणाच्या अंगातच मुरलेली आहे. लाल ते भडक, पिवळे ते धमक, हिरवे ते गार, काळे ते कुट्ट. भडक पिवळ्याला जोडून पाहा, कान लगेच तक्रार करतो. या जोडशब्दांना कुणी फापटपसारा म्हणत नाही. राग असतो तो ‘लय’वर, आणि तो रागही बहुधा शब्दापेक्षा बोलणाऱ्यावरच असतो. ‘लय’ खोडणारा मास्तर ‘अतिशय’ मात्र खपवून घेतो. पण ‘लय’चे काम काय ते पाहा. 2013 च्या मे महिन्यात नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला. वेधशाळेला तेवढे पुरे. सीताबर्डीच्या फुटपाथवर बसलेला माणूस मात्र “लय ऊन तापून रायलं बाप्पा” म्हणतो. त्यातून ‘लय’ काढा, ऊन तेवढेच राहील. ते सोसणारा माणूस वाक्यातून जाईल.

मात्र डिसेंबरात हिवाळी अधिवेशन नागपुरात आले, की फायलींवर ‘अत्यंत तातडीचे’ हा शिक्का बसू लागतो. ढिगातल्या प्रत्येक फाइलवर तोच शिक्का असला, की कारकून वरची फाइल आधी उचलतो, दुसरे करणार तरी काय? त्या टेबलापुरता व्हाइट मला शंभर टक्के मान्य आहे.