दानावर तुळशीपत्र कोण ठेवणार?

१८२२च्या नोव्हेंबरात डब्लिनजवळच्या कूलॉक हाउसमध्ये विल्यम कॅलहॅन वारले. मूलबाळ नव्हतं, पत्नी तीन वर्षांपूर्वीच गेली होती. वीसेक वर्षं त्यांच्या घरी राहून सगळा कारभार पाहणारी आणि दोघांचंही शेवटचं आजारपण काढणारी कॅथरीन मॅकॉली त्यांची वारस ठरली. घर, जमीनजुमला आणि सुमारे २५,००० पौंड तिच्या हाती आले. कॅथरीनचं वय तेव्हा ४४. लग्न झालेलं नव्हतं. वडील लहानपणीच गेले, घरची सुबत्ता ओसरली आणि आईच्या मृत्यूनंतर तिला नातेवाइकांच्या आश्रयाने दिवस काढावे लागले होते.

कॅथरीन कॅथलिक होती. कॅलहॅन दांपत्य कॅथलिक नव्हतं. मिसेस कॅलहॅन तर क्वेकर पंथाच्या. घरात क्रूस किंवा संतांच्या तसबिरी लावायची सोय नव्हती, म्हणून दारांच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांत क्रूस पाहून ती प्रार्थना करत असे, असं तिचे चरित्रकार सांगतात. पण त्याच घराने आपली जन्माची कमाई तिच्या स्वाधीन केली. ज्या काळात आयर्लंडमधल्या कॅथलिक माणसाला ब्रिटिश संसदेत बसायची मुभा नव्हती, त्या काळातली ही गोष्ट आहे. ती मुभा १८२९ साली मिळाली.

एवढ्या पैशात ती आयुष्यभर आरामात राहू शकली असती. तिने शहराच्या श्रीमंत भागात, बॅगट स्ट्रीटवर जागा घेतली आणि मोठी इमारत बांधायला काढली. जागेची निवड विचारपूर्वक होती. पैसेवाल्यांच्या दारातच गरिबी आणून उभी केली, तर त्यांना तिच्याकडे पाठ फिरवता येणार नाही, हा त्यामागचा हिशोब. २४ सप्टेंबर १८२७ रोजी ‘हाउस ऑफ मर्सी’ सुरू झालं. गरीब मुलींसाठी शाळा आणि काम शोधत शहरात आलेल्या तरुण मोलकरणींसाठी निवारा. मालकाच्या वाईट नजरेतून सुटू पाहणाऱ्या मुलीला तातडीने आसरा द्यायला त्या काळच्या धर्मादाय संस्था तयार नसत. समितीची बैठक होईपर्यंत थांब, म्हणत. कॅथरीनच्या दारात थांबावं लागत नसे.

तिला जोगीण व्हायचं नव्हतं, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. काही समविचारी बायका एकत्र राहून काम करतील, एवढीच तिची कल्पना होती. पण मठाचे नियम न पाळता मठासारख्या राहणाऱ्या या बायका धर्मगुरूंच्या डोळ्यांत खुपू लागल्या. शेवटी काम टिकवायचं तर रीतसर संघ काढणं भाग पडलं. पन्नाशी ओलांडलेली कॅथरीन दुसऱ्या एका मठात उमेदवारी करायला गेली आणि १२ डिसेंबर १८३१ रोजी दोन सोबतिणींसह तिने व्रत घेतलं. त्या दिवशी ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ हा संघ जन्माला आला.

दुसऱ्याच वर्षी डब्लिनमध्ये कॉलरा आला. टाउनसेंड स्ट्रीटवरच्या तात्पुरत्या रुग्णालयात या बायका महिनोन् महिने पाळ्या लावून राबल्या. रुग्णालयात गेलेला माणूस जिवंत परत येत नाही, तिथे विष घालून मारतात, अशी अफवा तेव्हा गरीब वस्त्यांत पसरली होती. ओळखीच्या बायका खाटेजवळ बसलेल्या दिसल्या, तेव्हा लोकांची भीती कमी झाली. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाजवळ थांबणं, ही या संघाची पहिली खरी कमाई.

खरा प्रश्न मात्र त्या व्रतात दडलेला आहे. दारिद्र्याचं व्रत घेतलं की बाईचं स्वतःचं असं काही उरत नाही. कॅथरीनने आपल्या वारशाच्या घरावर अक्षरशः तुळशीपत्र ठेवलं. पण ती मालमत्ता हवेत विरली नाही. ती संघाकडे गेली आणि संघ मरत नाही. माणूस आज ना उद्या जातो, त्याचा हट्ट त्याच्याबरोबर जातो. संस्था मात्र तो हट्ट पिढ्यान् पिढ्या चालवू शकते. व्यक्ती जितक्या निःसंगपणे सोडते, तितक्याच घट्टपणे संस्था धरून ठेवू शकते. आपल्याकडच्या मठांतही हे दिसतं. कफनीखेरीज काही नसलेला संन्यासी गादीवर आणि गादीच्या नावावर शेकडो एकर.

११ नोव्हेंबर १८४१ रोजी क्षयाने कॅथरीन गेली. संघ मात्र झपाट्याने वाढला. कॉर्कमध्ये १८५७ साली एक आणि डब्लिनमध्ये १८६१ साली ‘माटर’, अशी रुग्णालयं त्याने उभी केली. १८४३मध्ये आयरिश भगिनी अमेरिकेत पिट्सबर्गला पोहोचल्या आणि चार वर्षांत त्यांनी तिथेही रुग्णालय काढलं. १९९४ साली आयर्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर कॅथरीनचा चेहरा आला. तो मान तिला शोभणारा होता. या बायकांनी पगार न घेता शंभर-सव्वाशे वर्षं देशाची आजारपणं काढली. सरकारला तेव्हा ते जमत नव्हतं आणि फारसं करायचंही नव्हतं.

पण याच संघाच्या गोल्डनब्रिज इथल्या अनाथ-निराधार मुलांच्या संस्थेत मुलांचा छळ होत होता. २००९च्या मे महिन्यात चौकशी आयोगाचा अहवाल आला, त्यात ते सगळं नोंदलेलं आहे. मुलांना रोज ठरावीक संख्येने जपमाळा ओवाव्या लागत. जप करण्याच्या माळा, आणि त्या ओवायला मार खाणारी पोरं. हे वाचताना संताप येतो, आणि यावाच. कॅथरीनने मोलकरणींसाठी दार उघडलं तेव्हा तिचा शब्द चालत होता. शंभर वर्षांनी तिच्या नावाने चाललेल्या त्या घरात मुलांचा शब्द ऐकायला कोणी नव्हतं.

याच संघाच्या पिट्सबर्गच्या मठात १८८९ साली एक अमेरिकन वारसदार दाखल झाली. कॅथरीन ड्रेक्सेल, फिलाडेल्फियाच्या धनाढ्य बँकर घराण्याची मुलगी. पुढे तिने स्वतःचा संघ काढून कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी मुलांच्या शाळांवर आपलं सगळं उत्पन्न खर्च केलं. सगळं उत्पन्न, मुद्दल नव्हे. वडिलांनी मृत्युपत्रात मुलींना फक्त उत्पन्नाचा हक्क ठेवला होता. मुलींच्या पश्चात मुद्दल कोणत्या संस्थांना जाईल, हेही लिहून ठेवलं होतं. १९५५मध्ये ती गेली आणि पैशाचा ओघ आटला. तिचा संघ त्या यादीत असणं शक्यच नव्हतं, कारण मृत्युपत्र लिहिलं तेव्हा तो जन्मालाच आला नव्हता. मेलेल्या माणसाच्या अटी जिवंत माणसांच्या गरजा ओळखत नाहीत, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

मग दात्याने अट घालूच नये का? असं म्हणता येणार नाही. मुंबईतलं कामा रुग्णालय पेस्तनजी होर्मसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ साली सुरू झालं, तेव्हा रुग्णालय स्त्री-डॉक्टरांच्या हाती असावं अशी त्यांची अट होती. पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायकांना त्या अटीमुळे दवाखान्याची वाट सापडली. ती अट रुग्णासाठी होती. दात्याची श्रद्धा रुग्णाच्या अंगावर लादणारी अट वेगळी.

हा फरक डब्लिनमध्ये अलीकडे अगदी ऐरणीवर आला. मेरी एकनहेड यांच्या ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी’ या दुसऱ्या संघाने १८३४ साली सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालय सुरू केलं. मठात येणाऱ्या एका श्रीमंत घरच्या तरुणीने सोबत आणलेल्या ३,००० पौंडांतून त्याचं घर विकत घेतलं गेलं. रुग्णालयाचं दार पहिल्यापासून सर्व धर्मांच्या लोकांना खुलं होतं. १८९४मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय प्रसूती रुग्णालय या रुग्णालयाच्या आवारात हलवायचं २०१३ साली ठरलं आणि २०१७मध्ये रस्त्यावर लोक उतरले. सरकारी पैशाने बांधलेल्या प्रसूतिगृहाची मालकी जोगिणींच्या संघाशी जोडलेली का असावी, हा त्यांचा प्रश्न होता. संघाने माघार घेतली, २०२२ साली रुग्णालयातले आपले समभाग एका नव्या कंपनीकडे सोपवले. तरीही जमीन सरकारला विकत मिळाली नाही. २९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने, वर्षाला दहा युरो भाड्याने मिळाली. भाडं नाममात्र आहे, पण पट्टा हा पट्टाच.

लोक इतके का पेटले होते, हे मराठी वाचकाला वेगळं समजावायला नको. बेळगावची दंतवैद्य सविता हलप्पनवार २८ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंडमधल्या गॉलवेच्या रुग्णालयात जंतुसंसर्गाने गेली. वय ३१, सतरा आठवड्यांची गरोदर. गर्भपात टळणार नाही हे दिसत असतानाही, गर्भाचं हृदय धडधडत होतं म्हणून तिने मागितलेला उपाय नाकारला गेला. हा कॅथलिक देश आहे, असं तिथल्या दाईने तिला म्हटल्याचं मृत्यूच्या चौकशीत पुढे आलं. ते रुग्णालय जोगिणींचं नव्हतं, सरकारी होतं. तिथे कायद्यानेच हात बांधले होते. २५ मे २०१८च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी राज्यघटनेतलं गर्भपातबंदीचं कलम काढून टाकायला कौल दिला.

गाडगेबाबांची आठवण इथे येते. अंगावर चिंध्या आणि हातात मडकं घेऊन फिरणाऱ्या या माणसाने ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः त्यात मुक्काम ठोकला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बाबासाहेबांचा मार्ग कीर्तनाचा नव्हता, पंढरीचाही नव्हता. गाडगेबाबांना ते ठाऊक होतं आणि तरीही त्यांनी दिली. वास्तूबरोबर आपली निष्ठा तिथे राहावी, असा आग्रह त्यांनी धरला नाही. कॅलहॅन यांनी कॅथलिक बाईच्या हाती सगळं सोपवलं, तेही याच जातीचं देणं.

महाराष्ट्रात आज गावोगावी धर्मादाय रुग्णालयं उभी राहत आहेत. कुणी आईच्या नावाने देतं, कुणी गुरूच्या, कुणी आपल्या संप्रदायाच्या. ट्रस्टचा दस्त करताना दात्यांनी आणि विश्वस्तांनी एक कलम जरूर घालावं: खाटेवर पडलेल्या माणसाच्या उपचाराचा निर्णय तो आणि त्याचे डॉक्टर घेतील, दात्याची श्रद्धा त्यात हात घालणार नाही. आणि ते कलम बदलायचा अधिकार पुढच्या विश्वस्तांनाही ठेवू नये.