कच्चं मडकं, पक्कं लायसन

आमच्या ढोकीत एसटी स्टँडच्या बाजूला एक हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि भज्यांवर झाकलेलं कालचं वर्तमानपत्र. त्यातल्या रस्त्याकडच्या बाकड्यावर रोज सकाळी आठ ते साडेनऊ एक न्यायालय भरतं. न्यायाधीश तिघे. पहिले, एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर, ज्यांना सगळं गाव ड्रायव्हरमामा म्हणतं. दुसरे आण्णा. यांची नोकरी वजनकाट्यावर गेली, त्यामुळे समोरून ट्रॅक्टर गेला की आत किती टन ऊस आहे ते चहाचा घोट न थांबवता सांगतात. तिसरा मी, निवृत्त मास्तर. आरोपी मात्र कायम एकच असतो: हल्लीची पोरं.

"ह्यांना गाडी चालवायची कळत न्हाई," असं ड्रायव्हरमामा सुरुवातीलाच जाहीर करतात. म्हणजे आमच्याकडे आधी निकाल लागतो, मग पुरावा येतो. आणि पुरावा येतोच! मोटारसायकलवर तिघं, हेल्मेट कोपराला अडकवलेलं (कोपर फुटू नये म्हणून असावं), चालवणाऱ्याची मान मोबाईल धरण्यासाठी खांद्यावर कललेली, असा एक तरी पुरावा पाच मिनिटांत समोरून जातो. मग आण्णा म्हणतात, "आपल्या टायमाला असं नव्हतं." मी मान डोलावतो. चहा येतो.

आता खरं सांगायचं तर आपल्या टायमाला गाडीच नव्हती. बैलगाडी होती. आणि तिच्यात गाडीवान झोपलेला असायचा. बैल आपापले घरी येत. आजकाल ड्रायव्हर नसलेली मोटार निघाली म्हणून लोक तोंडात बोट घालतात. ढोकीच्या माणसाला त्यात नवल ते काय वाटणार? फक्त आमच्या गाडीला वाटेत तहान लागली तर ती ओढ्यावर थांबत असे. रात्री गाडीखाली कंदील लोंबायचा. त्याच्या उजेडात गाडीवानाला काही दिसत नसे, पण गाडी इतरांना दिसायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बैलगाडीहून वेगवान म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी १८९७ साली सुरू झाली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. वाटेत ढोकी. ती चालत असताना प्रवासी खाली उतरून पुन्हा चढत, असं जुनी माणसं सांगायची. त्यात अतिशयोक्ती वजा करून जे उरतं तेवढा तिचा वेग होता. २००८ च्या सुमारास सगळा मार्ग रुंद झाला आणि गाड्या धावू लागल्या.

त्याहून मागे जायचं तर शेजारच्या तेरला जावं लागेल. तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथलं कापड भडोचच्या बंदरात जायचं आणि तिथून परदेशी. त्या व्यापाराबद्दल 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक पुस्तकात लिहिलंय, की हा माल गाड्यांवर लादून रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून आणतात. म्हणजे आमच्या भागातल्या रस्त्यांविषयीची पहिली लेखी तक्रार पहिल्या शतकातली आहे. अजून तिच्यावर पूर्ण कारवाई व्हायची आहे.

तर प्रश्न असा की गाडी चालवण्याची रीत खरंच बिघडत चाललीय का? मी पडलो मास्तर. एकदा कट्ट्यावर मी आकडे घेऊन गेलो. १९७० साली देशात रस्त्यावर सुमारे साडेचौदा हजार माणसं मेली. २०२२ साली एक लाख अडुसष्ट हजार चारशे एक्क्याण्णव.

"बघा!" ड्रायव्हरमामा म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं. "१९७० साली देशात वाहनंच होती चौदा लाखांच्या आसपास. आता तीस कोटींच्या वर आहेत. दर दहा हजार गाड्यांमागं तेव्हा शंभरावर माणसं जायची, आता पाचाच्या आतबाहेर. म्हणजे गाडीमागं हिशेब केला, तर आपल्या टायमाचे लोक आजच्या वीसपट वाईट."

ड्रायव्हरमामांनी बशी खाली ठेवली. त्यांची सत्तावीस वर्षं एका अपघाताविना गेली होती आणि मी त्यांना वीसपट वाईट म्हणत होतो. "गुरुजी," ते म्हणाले, "गाडीमागं कशाला मोजायलाव? मरतंय माणूस."

याला उत्तर नव्हतं. रूबेन स्मीड नावाच्या एका इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९४९ साली हेच मांडून ठेवलंय, की देशात गाड्या वाढत गेल्या की दर गाडीमागचे मृत्यू कमी होत जातात. आणि त्याचं मत असंही सांगतात, की समाज जेवढे मृत्यू खपवून घेतो तेवढे होत राहतात. पहिलं वाक्य वाचून मला बरं वाटलं होतं. दुसरं वाचल्यावर पुस्तक मिटलं. दिवसाला चारशे साठ माणसं आपल्याला चालतात, एवढाच त्याचा अर्थ.

आता लायसनचं. मी राजदूत घेतली तेव्हा लायसन काढायला गेलो, त्या गावाचं आणि कचेरीचं नाव सांगत नाही. तिथं मैदानावर आठचा आकडा काढायचा होता. मी निम्मा काढला, म्हणजे शून्य झालं, आणि पाय टेकला. साहेब दुसरीकडे बघत होते. माझ्यासोबतच्या माणसाने त्यांना काय सांगितलं देव जाणे, साहेबांनी लिहिलं 'ठीक'. त्या 'ठीक'वर मी आजवर गाडी चालवतोय. १९३९ चा मोटार कायदा जाऊन १९८८ चा आला, २०१९ मध्ये त्याचे दंड वाढले, पण माझ्या शून्याचा आठ अजून झालेला नाही.

या बाबतीत आमच्या गोरोबाकाकांची पद्धत मला जास्त पसंत आहे. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईने त्यांना विचारलं, काका, यातलं कच्चं मडकं कुठलं? काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे गप्प राहिले, नामदेव तेवढे रागावले. काकांनी निकाल दिला: हे कच्चं. प्रत्यक्ष पांडुरंगाशी बोलणारा माणूस, पण वशिला चालला नाही. नामदेवांना विसोबा खेचरांकडे जाऊन नव्याने शिकावं लागलं. आपल्याकडेही लायसन आधी कच्चं आणि मग पक्कं मिळतं. डोकं मात्र कुणी वाजवून बघत नाही.

पण गोरोबाकाकांची दुसरी गोष्ट इतकी हसत सांगता येत नाही. ती आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. बायको पाण्याला गेली, जाताना पोराकडे लक्ष ठेवा म्हणाली. काका चिखल तुडवत होते, डोळे मिटलेले, तोंडी विठ्ठल. पोर रांगत आलं, आणि पायाखाली गेलं. काकांना कळलं नाही.

नोकरीत असताना सातवीच्या वर्गाला मी ही गोष्ट दरवर्षी सांगे आणि शेवटी विचारे, "सांगा, गोरोबाकाकांची चूक होती का?" हुशार मुलं म्हणत, नाही गुरुजी, ते भक्तीत लीन होते. काही धीट म्हणत, होती, लक्ष ठेवायचं कबूल केलं होतं. एके वर्षी मागच्या बाकावरचं एक पोरगं, जे एरवी तोंड उघडत नसे, उभं राहिलं आणि म्हणालं, "गुरुजी, पोराची चूक नव्हती."

मी त्याला खाली बसवलं. प्रश्न तो नव्हता, असं काहीतरी म्हणालो.

पुढे कळलं, की बर्नार्ड विल्यम्स नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली असाच पेच मांडला. एक ट्रक ड्रायव्हर, काहीही चूक नसताना, त्याच्या गाडीखाली मूल येतं. लोक म्हणतील तुझी चूक नव्हती, पण तो स्वतःला रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बघ्यासारखा मानू शकेल का? मानत असेल तर तो कसला माणूस? यावर तिकडे पुष्कळ वाद झाले. याचीच उलटी बाजूही आहे. ज्याची चूक आहे, पण ज्याच्या गाडीखाली कुणी आलं नाही, त्याचं काय? दोघांनी सारखंच मोबाईलकडे बघितलं. एकाच्या समोर मूल आलं, दुसऱ्याच्या समोर नुसता रस्ता होता. पहिला तुरुंगात जातो. दुसरा हॉटेलच्या बाकड्यावर बसून म्हणतो, हल्लीच्या पोरांना गाडी चालवायची कळत नाही.

हा दुसरा मी आहे. आता सांगूनच टाकतो, घरी सांगितलेलं नाही.

मागच्या हंगामात एका एकादशीला तेरला दर्शनाला गेलो होतो. परतताना अंधार पडला. आमची मारुती वीस वर्षांची आणि मी सत्तरीचा, दोघांचेही दिवे मंद. ऊसतोडीचे दिवस, रस्त्यावर वाहतूक होती, पण मी तीस-चाळीसच्या पुढे नव्हतो. हे मी स्वतःला नंतर पुष्कळदा सांगितलं. तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून नातवाचा फोन याच वेळेला येतो. मी घेणार नव्हतो. नुसतं कुणाचा आहे ते बघणार होतो.

मान वर केली तेव्हा समोर ऊस होता. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसती उसाची काळी भिंत. बैलगाडी होती. ब्रेक दाबला तो दोन्ही पायांनी. गाडी तिरपी होऊन थांबली तेव्हा उसाची वाढी बॉनेटवर घासत होती. आणि गाडीच्या मागे, ऊस आणि मारुती यांच्या मधल्या त्या हातभर जागेच्या जरासं अलीकडे, रस्त्याच्या कडेला एक बाई उभी होती. तोडणीवाली. कडेवर वर्षभराचं पोर. ते झोपलेलं होतं, जागंसुद्धा झालं नाही.

गाडीवान उडी मारून आला. मला वाटलं आता शिव्या बसणार, बसल्या असत्या तर बरं झालं असतं. तो खिडकीत वाकून म्हणाला, "लागलं का ओ मामा तुम्हाला?"

मी नाही म्हटलं. मग उगीच दरडावल्यासारखं म्हणालो, "गाडीला रिफ्लेक्टर लावावा की रे." तो म्हणाला, "व्हय मामा, चुकलंच." चुकलंच! मी त्याला चूक कबूल करायला लावली आणि निघून आलो. सीटखाली पडलेला फोन अजून वाजत होता.

यातून काय निघतं ते मला नीट सांगता येत नाही. मी वाईट चालवणारा नाही असं मला पन्नास वर्षं वाटत होतं, त्याला आधार होता एवढाच, की कधी काही झालं नव्हतं. पण काही न होणं हे माझं कर्तृत्व कुठे होतं? त्यात त्या बाईचं एक पाऊल कडेला असणं होतं, ब्रेकचं लायनर बदललेलं असणं होतं. हल्लीची पोरं बिघडलीत की नाहीत, हा प्रश्न म्हणून मला आता अवघड वाटतो. ती मोटारसायकलवरची तिघं पोरं आणि मी यांच्यात फरक आहे तो बेपर्वाईचा नाही. ती उघड्यावर करतात, मी काच वर करून. आणि गोरोबांचे डोळे निदान विठ्ठलासाठी मिटलेले होते. पुढे त्यांना हात परत मिळाले, पोर परत मिळालं. आमच्या रस्त्यावर ती सोय नाही.

पुन्हा, दोष सगळा माझाच, असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. त्या गाडीमागे एक लाल दिवा असता तर? त्या अंधारात रस्त्याला कड असती तर? कंदिलाची अक्कल आमच्या आज्ज्यांना होती, मग आता ती गेली कुठे? असा विचार करता करता मी पुन्हा दरडावायच्या सुरात यायला लागतो, आणि मग त्याचं ते "चुकलंच" ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात हिने विचारलं, "अहो, गाडीच्या तोंडात हे वाढं कुठनं अडकलं?"

"हंगाम आहे," मी म्हटलं. "वाढं सगळीकडंच असतं."

मी तशीच गाडी काढून स्टँडवर गेलो. न्यायालय भरलेलं होतं. आण्णा एका ट्रॅक्टरचं वजन सांगत होते. ड्रायव्हरमामा उठले, मारुतीच्या पुढे आले, वाकून बघितलं. जाळीत रुतलेलं ते हिरवं वाढं त्यांनी दोन बोटांनी ओढून काढलं, मागच्या बाजूने तुटलेलं टोकही काढलं, आणि हॉटेलवाल्याच्या शेळीपुढे टाकलं.

"कुणाला लागलं न्हाई न्हवं?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं.

ते जागेवर जाऊन बसले. समोरून तिघंजण मोटारसायकलवर गेले, हेल्मेट कोपराला. आण्णांनी आमच्याकडे बघितलं. निकाल द्यायची वेळ झाली होती.

"तीन चहा सांगा," ड्रायव्हरमामा म्हणाले.