परक्याचा कैवारी

ज्याला समाज गुन्हेगार समजतो, ज्याचे विचार आपल्याला घातक वाटतात, त्याच्या बाजूने न्यायालयात उभा राहणारा वकील नेमके काय करीत असतो? तो गुन्ह्याला पाठीशी घालतो, की न्यायाला हातभार लावतो? प्रश्न जुनाच आहे; परंतु रायपूरकरांपुढे तो डॉ. बिनायक सेन यांच्या खटल्याने फार तीव्रतेने उभा राहिला.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेल्या या बालरोगतज्ज्ञाने छत्तीसगडच्या खाणकामगारांत व आदिवासींत अनेक वर्षे सेवा केली. १४ मे २००७ रोजी बिलासपूर येथे त्यांना अटक झाली. रायपूरच्या तुरुंगातील एका माओवादी नेत्याची पत्रे त्यांनी बाहेर पोहोचविली, असा शासनाचा आरोप होता. तुरुंगातील भेटी आपण परवानगीने आणि अधिकाऱ्यांच्या देखत घेतल्या, असे त्यांचे म्हणणे होते. २४ डिसेंबर २०१० रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, रायपूरच्या सत्र न्यायालयाने राजद्रोहाबद्दल त्यांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

त्या वर्षीचे वातावरणही ध्यानात घेतले पाहिजे. ६ एप्रिल २०१० रोजी बस्तरमधील ताडमेटला येथे माओवाद्यांच्या हल्ल्यात ७६ जवान मारले गेले होते. लोकांचा शोक खरा होता, संतापही खरा होता. अशा वेळी बचावाच्या वकिलाला विचारले जाते, "त्या जवानांच्या घरच्यांचे अश्रू तुम्हांला दिसत नाहीत काय?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. परंतु त्या अश्रूंना न्याय मिळायचा, तर शिक्षा खऱ्या अपराध्यालाच व्हावयास हवी. हाती सापडलेल्या कोणत्याही माणसाला नव्हे. पुरावा खरा की खोटा, हे तो उलटसुलट तपासल्यावाचून कळत नाही. हे तपासण्याचे काम आरोपीचा वकील करतो. त्याला गप्प बसविले, तर न्यायाधीशाच्या कानी एकच बाजू पडते आणि एकाच बाजूवर दिलेला निकाल योग्य असला तरी विश्वासार्ह ठरत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत रोमी सुभेदार फेस्त पौलाच्या शत्रूंना हेच बजावतो. आरोप करणाऱ्यांना समोरासमोर उत्तर देण्याची संधी मिळण्यापूर्वी कोणालाही शिक्षेसाठी हवाली करणे त्याच्या राज्याच्या रीतीत बसत नव्हते.

येथे भाषांतराच्या कामातील एक शब्द आठवतो. आपल्या मराठी नव्या करारात 'कैवारी' हा शब्द येतो. त्यामागील ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'साहाय्यासाठी जवळ बोलाविलेला' असा आहे. न्यायासनापुढे एखाद्याच्या बाजूने उभा राहणाराही त्यात येतो. मराठीत मात्र 'कैवार घेणे' या प्रयोगाला पक्षपाताचा वास येतो. जणू कैवार घेतला म्हणजे त्या माणसाचे कृत्यही आपले मानले. सारा घोटाळा या छटेत आहे. वकील आरोपीच्या कृत्याचा कैवार घेत नाही. त्याचे म्हणणे ऐकले जावे, या हक्काचा कैवार घेतो.

हा भेद सेन यांच्या खटल्यात स्पष्ट दिसला. उच्च न्यायालयात त्यांच्यासाठी राम जेठमलानी उभे राहिले. त्या वेळी ते भारतीय जनता पक्षाचे राज्यसभेतील सदस्य होते आणि छत्तीसगडात सत्ता त्याच पक्षाची होती. आपल्याच पक्षाच्या शासनाविरुद्ध त्यांनी युक्तिवाद केला. उच्च न्यायालयाने जामीन नाकारला. परंतु १५ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मंजूर केला. एखाद्या विचाराविषयी सहानुभूती असणे म्हणजे राजद्रोह नव्हे, असे त्या न्यायपीठाने सुनावणीत बोलून दाखविले. जामीन म्हणजे निर्दोषत्वाचा निकाल नव्हे, हे खरे. तरी वकिलाचे आणि अशिलाचे मत एक असावे लागत नाही, हे यातून दिसते.

हे तत्त्व केवळ शासनाच्या विरोधकांसाठी आहे, असेही नाही. रायपूरच्या निकालाच्या १८ दिवस आधी, ६ डिसेंबर २०१० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निर्णय दिला. कोइम्बतूरच्या वकील संघाने काही आरोपींचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असा ठराव केला होता. ते आरोपी होते पोलीस! असे सर्व ठराव बेकायदा व रद्दबातल आहेत, असे न्यायालयाने ठरविले. संविधानाच्या २२व्या अनुच्छेदाने दिलेला वकिलाचा हक्क गणवेशातील माणसालाही आहे.

मात्र नामवंत वकील नामवंत आरोपींच्या वाट्याला येतात. जामीनदारही न मिळणाऱ्या आदिवासी कैद्याचे काय? गरिबाला विनामूल्य कायदेसाहाय्य मिळावे, असे अनुच्छेद ३९-अ सांगतो. पण कागदावरील हक्काला चालता-बोलता माणूस लागतो. सुधा भारद्वाज यांनी बिलासपूरच्या उच्च न्यायालयात कामगार व आदिवासींची प्रकरणे चालविली. २८ ऑगस्ट २०१८ रोजी भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांनाच अटक झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या जामिनावर सुटल्या. इतरांसाठी उभ्या राहणाऱ्या वकिलालाही कैवाऱ्याची गरज पडली.

वाचकहो, २५ जुलै २०२५ रोजी दुर्ग रेल्वे स्थानकावर दोन धर्मभगिनींना आणि त्यांच्यासोबतच्या एका आदिवासी तरुणाला मानवी तस्करी व धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली, तेव्हा आपण सारेच अस्वस्थ झालो. त्यांना चांगला वकील मिळावा, असे आपल्याला मनापासून वाटले. २ ऑगस्टला बिलासपूरच्या न्यायालयाने त्यांना जामीन दिला, तेव्हा हायसे वाटले. हे स्वाभाविकच आहे. परंतु आपल्या माणसासाठी वकील मागणे ही न्यायबुद्धी नव्हे; ती तर आपुलकी झाली. ज्याचा धर्म आपला नाही, ज्याचे विचार आपल्याला पटत नाहीत, ज्याच्यावरील आरोप ऐकून आपले रक्त उसळते, त्यालाही तितकाच समर्थ कैवारी मिळावा, असे ज्या दिवशी वाटेल, त्या दिवशी आपण न्याय मागितला असे म्हणता येईल.