आजोबांच्या गावी सापडलेला वारसा

माणूस आपल्या पूर्वजांचा वारस ठरतो तो कशामुळे? त्यांच्या नावामुळे, त्यांच्या घर-जमिनीमुळे, की त्यांच्या हातून राहून गेलेली कर्तव्ये पूर्ण केल्यामुळे? हा प्रश्न वाचनात अनेकदा आला होता. त्याचे उत्तर शोधणे मला भाग पडले ते एका न ठरवलेल्या प्रवासामुळे.

गेल्या वर्षी मे महिन्यात चिपळूणचा एक निकाह आटोपून आम्ही मुंबईकडे परतत होतो. सोबत पत्नी आणि दोन मुले होती. खेडजवळ भरणे नाक्यावर दापोलीची पाटी दिसली, तेव्हा धाकट्याने विचारले, "अब्बा, तुमच्या आजोबांचे गाव याच रस्त्याला ना?" आजोबांचे निधन होऊन १८ वर्षे झाली होती आणि त्यानंतर मी त्या बाजूला फिरकलो नव्हतो. उत्तर देण्याऐवजी मी गाडी वळवली.

दापोली मागे टाकून आम्ही दाभोळच्या खाडीकडे उतरू लागलो. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातील मोठे बंदर. येथून अरबस्तानाकडे जहाजे जात. त्यांत व्यापारी असत, तसेच हजला निघालेले यात्रेकरूही असत. खाडीकाठी आदिलशाही काळातील दगडी, घुमटाची मशीद आजही उभी आहे. ती पाहून थोरला म्हणाला, "म्हणजे आपण अरब व्यापाऱ्यांचे वंशज का?" त्याच्या स्वरातील अभिमान मला नवा नव्हता. आमच्या कोकणी घरांतून तो पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतो.

मी त्याला सूरह हुजुरातच्या तेराव्या आयतीचा आशय सांगितला. अल्लाहने माणसांना वंश आणि कबिल्यांत विभागले ते परस्परांची ओळख पटावी म्हणून; त्याच्याजवळ प्रतिष्ठा आहे ती तकवा बाळगणाऱ्याची. त्या वेळी मला वाटले की मी त्याला धडा दिला. तासाभरातच त्याच आयतीने मला धडा दिला.

ओळख पटली तेव्हा

आजोबांचे गाव खाडीच्या अलीकडे आहे. असरची नमाज मोहल्ल्याच्या मशिदीत अदा केली आणि कब्रस्तानात जाऊन पणजोबांसाठी मगफिरतची दुआ केली. आजोबा स्वतः मुंबईतच दफन आहेत. वयाच्या सतराव्या वर्षी ते गोदीत कामाला गेले ते तिकडचेच झाले. मशिदीबाहेर एका वृद्ध गृहस्थांनी माझा चेहरा न्याहाळला आणि आजोबांचे नाव घेऊन विचारले, "त्यांचा नातू का तू?" त्यांनी आम्हाला जांभ्या दगडाचे आमचे जुने घर दाखवले, मागची आमराई दाखवली.

मुलांना मी आंब्याची गोष्ट सांगू लागलो. आमच्या लहानपणी दर उन्हाळ्यात गावाहून हापूसच्या पेट्या यायच्या. पेंढ्याचा तो वास, अढीवर पिकणारी फळे, पहिला आंबा आजोबांच्या हातून मिळण्याची आमची धडपड. ते गृहस्थ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "त्या पेट्या तुझ्या आजोबांची बहीण भरायची. एकेक आंबा स्वतः निवडायची. सहा वर्षे झाली तिला जाऊन."

मी सहज विचारले, "या बागेत त्यांचा हिस्सा कोणता होता?"

ते थोडा वेळ थांबले. "हिस्सा कुठला, बाबा? तिने मागितला नाही. मागितला असता तर माहेर तुटले असते."

पणजोबांच्या पश्चात एक मुलगा आणि एक मुलगी एवढेच वारस होते. सूरह निसाच्या अकराव्या आयतीतील नियमाने मुलाला दोन वाटे, मुलीला एक. म्हणजे त्या बागेचा तिसरा हिस्सा तिचा. आम्ही ज्याला अभिमानाने 'गावचा आंबा' म्हणत होतो, त्यातील दर तिसरा आंबा तिच्या मालकीचा होता आणि तो तीच पेंढ्यात गुंडाळून आम्हाला पाठवत होती.

तीन सबबी

परतीच्या वाटेवर मन सबबी शोधू लागले. त्या येथे नोंदवतो, कारण त्या बहुतेक घरांत सापडतील.

पहिली सबब अशी की बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला. परंतु जेथे 'नाही' म्हणण्याची किंमत माहेर असते, तेथे खुशी कशी पारखावी? एखाद्या मुस्लिमाची संपत्ती त्याच्या मनापासूनच्या संमतीशिवाय दुसऱ्याला हलाल होत नाही, असा हदीसचा आशय आहे. संकोचाने पाळलेले मौन ही संमती नव्हे. म्हणूनच उलेमा सांगतात की हिस्सा आधी वेगळा काढून बहिणीच्या ताब्यात द्यावा. त्यानंतर तिने आनंदाने भेट दिला तर गोष्ट निराळी.

दुसरी सबब कागदाची. सातबाऱ्यावर तिचे नाव नाही, मग प्रश्न कुठे उरतो? १९३७ च्या शरीअत कायद्याच्या कलम २ मध्येही शेतजमिनीची बाब वगळलेली आहे. पण दुनियेतील दस्तऐवज अल्लाहसमोर पुरेसा ठरत नाही. प्रेषित (स.) यांनी बजावले आहे की वाक्‌चातुर्याच्या बळावर कुणी त्यांच्याकडूनही भावाचा हक्क आपल्या बाजूने निकालात मिळवला, तर त्याच्या पदरात आगीचा तुकडाच पडेल. स्वतः प्रेषितांचा (स.) निकाल जेथे परक्या मालाला हलाल करू शकत नाही, तेथे तलाठी दफ्तरातील नोंद ते कशी करील?

तिसरी सबब सर्वांत सभ्य दिसते. चूक आजोबांची, आमचा काय दोष? कुरआनचाच सिद्धांत आहे की कुणीही दुसऱ्याच्या पापाचा भार वाहणार नाही. हे खरे आहे आणि दिलासा देणारे आहे. मात्र आजोबांनी केले त्याचा हिशेब जसा त्यांचा, तसा आज आमच्या हातात जे आहे त्याचा हिशेब आमचा. जे आजोबांचे नव्हतेच, ते आम्हाला वारशाने मिळाले कसे?

मृतांशी भलाई

हे सारे मी अब्बांना सांगितले, तेव्हा ते दुखावले. "मेलेल्या माणसाचे दोष काढू नकोस," एवढेच म्हणाले. त्यांचे म्हणणे निराधार नव्हते, मृतांना वाईट बोलण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. मी त्यांना ह. अबू कतादा (रजि.) यांची आठवण करून दिली. एका कर्जदार व्यक्तीचा जनाजा समोर होता आणि प्रेषितांनी (स.) सोबत्यांना सांगितले की तुम्हीच नमाज पढा. अबू कतादांनी (रजि.) कर्ज आपल्यावर घेतले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याची जनाजाची नमाज पढवली. अबू कतादांनी (रजि.) त्या मृताचा दोष काढला का? त्यांनी त्याचे ओझे उचलले. आजोबांवर आपले प्रेम असेल, तर आज त्यांना आपल्याकडून हेच हवे असणार.

अब्बा कित्येक दिवस या विषयावर बोलले नाहीत. मग एका जुम्याला नमाजहून परतल्यावर म्हणाले, "कागद काढा."

त्यानंतर काका आणि फुफीशी बोलणी झाली. दोन चुलत भावंडे अजून नाराज आहेत. पावसाळा संपल्यावर अब्बांना घेऊन मी पुन्हा त्या गावी गेलो. आजोबांच्या बहिणीची मुलगी तेथेच राहते, मुलगा कुवेतला असतो. अब्बांनी विषय काढताच त्या संकोचून म्हणाल्या, "भाईजान, माझ्या आईने कधी मागितले नाही, मी कशी घेऊ?"

अब्बा म्हणाले, "तिने मागितले नाही, म्हणूनच तर द्यायला आलो."

मोजणीचा अर्ज दिलेला आहे. काम सावकाश चालले आहे.

सूरह हुजुरातमधील 'ओळख' या शब्दाचा अर्थ मला आता थोडासा उमगतो आहे. नातलगाची ओळख म्हणजे त्याचे नाव आणि घर ठाऊक असणे एवढेच नाही. आपल्याकडे त्याचे काय देणे आहे हे ठाऊक असणे, हीसुद्धा त्याची ओळख आहे. वाचक बंधुभगिनींनो, यंदाच्या सुट्टीत आपण मुलाबाळांसह आजोळी किंवा मूळ गावी जाल. घर पाहा, कब्रस्तानात दुआ करा, बागेतला आंबा खा. फक्त खाण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा की यात आपल्या फुफींचा हिस्सा कोणता होता.

अल्लाह आमच्या पूर्वजांना मगफिरत प्रदान करो आणि त्यांची देणी फेडण्याची सद्बुद्धी व सामर्थ्य आम्हाला देवो. आमीन.