आज्ञेवरून

केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून सुटणाऱ्या बहुतेक पत्रांचा आरंभ एकाच वाक्याने होतो : ‘मला असे कळविण्याचा आदेश झाला आहे की...’ या वाक्यातील ‘मी’ काही करीत नाही. त्याला आदेश होतो. तो आदेश कोणाचा, हेही तेथे सांगितलेले नसते. व्याकरणदृष्ट्या निर्दोष असलेल्या या वाक्यात जबाबदार मनुष्य मात्र कोठेच सापडत नाही. आम्ही गेली बारा वर्षे असली पत्रे लिहीत आलो आहोत, आणि नोकरीनिमित्त परप्रांतात राहिलेल्या आमच्या वाचकांपैकी अनेकांचा कचेरीतील दिवसही याच वाक्याने सुरू होत असेल. म्हणून या वाक्याच्या नैतिक बाजूचा थोडा विचार येथे करावा, असे आम्ही योजिले आहे. आज्ञेवरून जे घडते त्याचे उत्तरदायित्व कोणाचे? आज्ञा देणाऱ्याचे, ती लिहिणाऱ्याचे, की मागाहून ती तपासणाऱ्या न्यायालयाचे?

कचेरीत या प्रश्नाचे एक तयार उत्तर असते. ‘आपण आपले काम करावे, चुकले तर कोर्ट आहेच.’ हे उत्तर अगदीच पोकळ नाही. राज्यघटनेच्या १३ व्या अनुच्छेदाने मूलभूत हक्कांशी विसंगत असे कायदे शून्यवत ठरविले आहेत. ३२ व्या अनुच्छेदाने सर्वोच्च न्यायालयाचे आणि २२६ व्याने उच्च न्यायालयांचे दार नागरिकासाठी उघडे ठेविले आहे. यांपैकी ३२ वा अनुच्छेद हा घटनेचा आत्मा आहे, अशा अर्थाचे उद्गार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत काढले होते. दिल्लीस टिळक मार्गावरून जाताना सर्वोच्च न्यायालयाचा घुमट दिसतो, तेव्हा आम्हांसही क्षणभर हायसे वाटते. आपल्या चुका निस्तरणारे कोणी तेथे बसले आहे, ही भावना सुखद असते. परंतु सुखद भावना पारखून घ्यावी, हे बरे.

या संदर्भात मुंबईतील एक जुना खटला आम्हांस फार उद्‌बोधक वाटतो. अंधेरी येथे चित्रपटगृह बांधण्याची परवानगी गोरधनदास भानजी यांनी मागितली होती. पोलिस कमिशनरांचे मत प्रथम प्रतिकूल होते. पुढे सल्लागार समितीने अनुकूल शिफारस केली, ती त्यांनी मान्य केली, आणि १९४७ मध्ये परवानगी दिली. लोकांकडून विरोध झाला, आणि त्याच वर्षी कमिशनरांच्या सहीने दुसरे पत्र गेले : ‘परवानगी रद्द करण्यात आली आहे, असे कळविण्याचा सरकारचा आदेश आहे,’ असा त्याचा आशय. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. रद्द करण्याचा निर्णय वस्तुतः कमिशनरांचाच होता, असे तेथे त्यांच्या प्रतिज्ञापत्राच्या आधारे भासविण्याचा प्रयत्न झाला. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९५१ मध्ये दिलेल्या निकालपत्रात तो मान्य केला नाही. सार्वजनिक आदेशाचा अर्थ त्याच्या शब्दांवरून लावावयाचा. तो काढताना आपल्या मनात काय होते, हे अधिकाऱ्याने मागाहून सांगून भागत नाही. परवानगी रद्द करण्याचा अधिकार नियमाने कमिशनरांस दिलेला होता, सरकारास नव्हे. आणि ज्यास अधिकार त्याने तो वापरलाच नव्हता.

येथे दोन गोष्टी ध्यानी घेण्याजोग्या आहेत. पहिली ही, की समितीचा सल्ला ऐकून कमिशनरांनी आपले मत बदलले, यात न्यायालयास काही वावगे दिसले नाही. दुसऱ्याचे म्हणणे ऐकून स्वतः ठरविणे वेगळे, आणि दुसऱ्याने ठरविलेल्यावर आपली सही करणे वेगळे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. चित्रपटगृह व्हावे की न व्हावे, हे न्यायालयाने सांगितले नाही. त्याने कमिशनरांस सांगितले ते इतकेच, की हा विचार तुमचा आहे. तो तुम्ही निःपक्षपाती मनाने करा.

न्यायालयीन पुनर्विलोकनाचे मर्म आमच्या समजुतीप्रमाणे येथे आहे. पुनर्विलोकन म्हणजे अपील नव्हे. अधिकार होता काय, संबंधितास म्हणणे मांडू दिले काय, अप्रस्तुत गोष्टींना थारा दिला काय, कारणे नमूद केली काय, हे न्यायालय पाहते. १९६९ मध्ये क्रैपक खटल्यात नैसर्गिक न्यायाची तत्त्वे प्रशासकीय निर्णयांनाही लागू आहेत असे ठरले. १९७७ च्या डिसेंबरात मोहिंदरसिंग गिल खटल्यात, आदेशात नसलेली कारणे मागाहून प्रतिज्ञापत्राने पुरविता येत नाहीत, हा गोरधनदास प्रकरणातील दंडक पुन्हा सांगितला गेला. पण निर्णय शहाणपणाचा होता काय, दयेचा होता काय, हे न्यायालय सहसा तोलत नाही. आदेश अगदीच मनमानी असेल तर ते हात घालते. एरवी प्रश्न जेथून आला त्याच मेजावर परत पाठविते. म्हणजे ‘कोर्ट आहेच’ असे म्हणून आम्ही जो भार उतरवू पाहतो, तोच भार कोर्ट पुन्हा आमच्या खांद्यावर ठेविते.

न्यायनिष्ठेची गोष्ट निघाली की आपणां मराठी माणसांस रामशास्त्री प्रभुणे आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच कथेचा पूर्वार्ध आम्हां कारकुनांनी विसरू नये. नारायणराव पेशव्यांस ‘धरावे’ अशा हुकमाचे ‘मारावे’ झाले, अशी आख्यायिका आहे. इतिहास म्हणून ती कितपत खरी, हा वाद बाजूस ठेवू. लोकांनी ती जपून ठेविली आणि ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार भाषेत रुजविला, यात एक शहाणपण आहे. रामशास्त्री आले ते नंतर. १७७३ साली त्या वाड्यात जे व्हावयाचे ते एका कागदावरील एका अक्षराने आधीच होऊन गेले होते. न्यायाधीश कितीही थोर असो, तो अक्षराच्या मागून येतो.

आणि कधी कधी न्यायाधीशही ‘आज्ञेवरून’ बोलू लागतो. १९७५ च्या आणीबाणीत राष्ट्रपतींच्या आदेशाने काही मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात दाद मागणे स्थगित झाले होते. अशा स्थितीत स्थानबद्ध माणसास बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज करता येईल काय, हा प्रश्न जबलपूरच्या प्रकरणात उभा राहिला. नऊ उच्च न्यायालयांनी नागरिकाच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो फिरविला. बहुमतातील न्यायाधीश विद्वान होते. त्यांतील यशवंतराव चंद्रचूड तर आपल्या पुण्याचे. त्यांच्या तर्काचा गाभा पाहिला तर तो आमच्या पत्रातील वाक्यासारखाच आहे : आदेश झालेला आहे, आमचे हात बांधलेले आहेत. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी भिन्न मत लिहिले. १९७७ च्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास देण्यात आले, आणि त्यांनी राजीनामा दिला. पुढे २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्कासंबंधीच्या निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९७६ चा निर्णय रद्दबातल ठरविला. त्यातील प्रमुख निकालपत्र यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांचे होते. चूक दुरुस्त झाली, परंतु एकेचाळीस वर्षांनी. त्या वेळी कोठडीत असलेल्यांस तिचा काय उपयोग?

यावर कोणी म्हणेल, की प्रत्येक कारकून आपापली सदसद्विवेकबुद्धी घेऊन बसला तर सरकारचा गाडा चालावयाचा कसा? आक्षेप सबळ आहे. आम्ही न्यायमूर्ती नाही. आम्हांस भिन्न मताचे निकालपत्र लिहिण्याचा अधिकार नाही, आणि तो नसावा हेच बरे. ज्याच्या त्याच्या लहरीवर चालणारे राज्य हे आज्ञेवर चालणाऱ्या राज्याहून भयंकर होय. तथापि आम्हांस एक अधिकार निश्चित आहे, आणि तो टिपणाचा. जे ठाऊक आहे ते फाईलवर लिहावयाचे. निर्णय वरिष्ठांचा, परंतु निर्णय घेताना त्यांच्यापुढे काय होते आणि काय नव्हते, हे पुष्कळदा आमच्या हाती असते.

हे आम्ही उपदेश म्हणून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका शिपायाचे प्रकरण आमच्या मेजावर आले. त्याचे वेतन ठरविताना कचेरीनेच फार पूर्वी चूक केली होती, आणि जादा दिलेली रक्कम त्याच्या ग्रॅच्युइटीतून कापून घ्यावयाची होती. निवृत्तांकडून, तसेच तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या नोकरांकडून अशी वसुली करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने रफिक मसीह प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले होते, आणि केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये तसे परिपत्रकही काढले होते. हे आम्हांस ठाऊक होते. पण फाईलवर ‘वसुली करावी’ असा शेरा आधीच पडलेला होता. आम्ही मसुदा केला : ‘मला असे कळविण्याचा आदेश झाला आहे की...’

पंधरा दिवसांनी तो वृद्ध स्वतः आला. त्याने भांडण केले नाही. पत्र आमच्यापुढे धरून तो हिंदीत इतकेच म्हणाला, “बाबूजी, चूक कोणाची, ते या कागदात लिहिलेले नाही.” आम्ही त्यास पाणी दिले, आणि वर अर्ज करा असे सांगितले. तो कोर्टात जाणार नव्हता. वकिलाची फी त्यास परवडणारी नव्हती. न्यायालयापर्यंत पोचणारे आदेश किती थोडे, आणि न पोचता माणसाच्या घरी जाऊन पडणारे किती, हे त्या दिवशी आम्हांस कळले. त्याच्या पुरते शेवटचे न्यायालय आमचे मेज होते, आणि तेथे बसलेल्याने विचार केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही फाईल परत मागविली आणि चार ओळींचे टिपण लिहिले. त्यात निकालाचा व परिपत्रकाचा उल्लेख केला, आणि हे आधीच्या टिपणात यावयास हवे होते, ते आमच्याकडून राहिले, असेही लिहिले. सेक्शन ऑफिसरांनी वाचून आमच्याकडे एकवार पाहिले, आणि काही न बोलता फाईल वर धाडली. पुढे आठ महिन्यांनी रक्कम परत देण्याचा निर्णय झाला. यात आम्ही काही शौर्य केले असे नाही. जे पहिल्या दिवशी करावयाचे ते पंधरा दिवस उशिरा केले, आणि तेही तो माणूस समोर येऊन उभा राहिला म्हणून. न येणारे किती असतील, याचा हिशेब आमच्यापाशी नाही.

आजही आम्ही तेच वाक्य लिहितो. नमुना ठरलेला आहे, आणि तो बदलावा असा आमचा आग्रह नाही. फक्त मसुद्यावर आद्याक्षरे करण्यापूर्वी त्यातील ‘मला’ या शब्दाशी आम्ही थोडे थांबतो. आदेश झाला तो मला. तेव्हा तो होण्यापूर्वी मला जे ठाऊक होते ते मी लिहिले काय? हा प्रश्न कोणतेही न्यायालय आम्हांस विचारणार नाही. म्हणून तो आमचा आम्हीच विचारावयाचा.