देवाची थंडी, बाळाची थंडी

आईचं प्रेम निष्काम असतं, असं कीर्तनात ऐकलं की मला मंडपातून उठून बोलावंसं वाटतं. उठत नाही, कारण आमच्या गावच्या सप्ताहात बायकांनी मध्येच बोलायची रीत नाही आणि महाराजही स्वभावाने गरीब आहेत. पण मी निफाड तालुक्यात सरकारी दवाखान्यात नर्स होते. निम्मं आयुष्य बाळंतिणींच्या खाटांमधून फिरण्यात गेलं आणि तिथे मला एकही निष्काम आई भेटली नाही. प्रत्येकीला फळ हवं असतं, तेही आज, याच रात्री. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ४७वा श्लोक डिसेंबरात रात्री दोन वाजता एखाद्या ओल्या बाळंतिणीला समजावून बघा. ती ऐकून घेईल आणि ऐकता ऐकता बाळाच्या पोटाला हात लावून बघेल.

आमच्याकडची थंडी बाहेरच्यांना बातम्यांतून माहीत असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा चार-पाच अंशांवर उतरला की टीव्हीवर निफाडचं नाव येतं. त्या रात्री द्राक्षाचे बागायतदार झोपत नाहीत. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सोडतात. बाप बागेत जागा, आई घरात जागी. बागेची चिंता निदान कुणी निष्काम म्हणत नाही.

लहान बाळाचं थंडीशी नातं मोठ्या माणसासारखं नसतं, हे आधी सांगायला हवं. आपल्याला हुडहुडी भरते, दात वाजतात. त्या थरथरण्यातूनच अंग तापतं. नवजात बाळाला हे जवळजवळ येत नाही. त्याच्या मानेपाशी, दोन खांद्यांच्या मधोमध आणि मूत्रपिंडांभोवती तपकिरी रंगाची एक वेगळी चरबी असते. ती जाळून ते ऊब तयार करतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाकडे ही शिदोरीही थोडीच. त्यात वजनाच्या मानाने अंगाची कातडी जास्त आणि डोकं मोठं, म्हणजे ऊब निसटायला वाटा पुष्कळ. अंगाचं तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंशांच्या आत हवं. थर्मामीटर नसेल तर आम्ही आयांना शिकवायचो: पोट आणि तळपाय दोन्ही बघा. दोन्ही कोमट तर ठीक. पोट गरम आणि पाय गार, तर बाळाला थंडी बाधायला लागली आहे. दोन्ही गार असतील तर बाळ छातीशी उघड्या अंगाला लावा, वरून पांघरा, तसंच घेऊन दवाखान्यात या. रडेल तेव्हा बघू म्हणून थांबू नका. फार गारठलेलं बाळ रडतच नाही, ते नुसतं मलूल होतं आणि दूध ओढेनासं होतं.

आमच्या सासूबाईंच्या देवघरात पितळेचा रांगता बाळकृष्ण होता. मार्गशीर्ष लागला की त्याला लोकरीचं टोपडं, क्रोशाचा स्वेटर आणि रात्री बोटभर गादीवर बोटभर रजई. पंढरपुरात तरी वेगळं काय होतं? हिवाळ्यात शेजारतीनंतर विठोबाच्या अंगावर शाल येते, रजई येते, कान बांधले जातात. आषाढी-कार्तिकीला देवाचा पलंग काढतात, देव रात्रंदिवस उभा राहतो. त्याच्या पाठीला लोड देतात आणि यात्रा सरली की प्रक्षाळपूजेला शिणवटा जावा म्हणून गरम पाण्याने न्हाऊ घालतात, काढा देतात. मला हे सगळं फार आवडतं. जो विश्व व्यापून उरला त्याला हुडहुडी कशी भरेल, असा प्रश्न विचारणाऱ्यांची मला थोडी कीव येते. ते तर्काने बरोबर असतात आणि तिथेच थांबतात.

पण सासूबाईंनी नातवंडांनाही त्याच उत्साहाने गुंडाळलं. टोपडं, वर कुंची, झबलं, त्यावर स्वेटर, दुपट्यात घट्ट बांधून वर लुगड्यांची गोधडी. खोलीचं दार लावून बाजेखाली शेगडी. देव काही बोलला नाही. बाळ घामाने निथळलं, अंगावर घामोळं उठलं, तेही पौषात. मी शेगडी बाहेर काढली की त्या म्हणायच्या, “तुमचं दवाखान्याचं शास्त्र दवाखान्यात ठेवा सूनबाई.” बंद खोलीतल्या कोळशाचा विषारी वायू वासाने कळत नाही, निजलेल्या माणसाला जाग येऊ देत नाही, हे त्यांना पटायचं नाही. शेक म्हणजे माया, आणि माया कशी मारेल?

माझा सगळा प्रश्न इथे आहे. देवाला पांघरताना आपण चुकूच शकत नाही. त्याचे पाय गार पडत नाहीत, त्याला घाम येत नाही, गोधडी तोंडावर आली तर त्याचा श्वास कोंडत नाही. आपण जे देऊ ते त्याला पोचतंच. म्हणून देवाची सेवा सोपी आहे, असं माझं मत झालं. बाळ मात्र माझ्या भावनेला दाद देत नाही. मला थंडी वाजते म्हणून त्याला वाजत असेल असं नाही. आता सांगतात, आणि योग्य सांगतात, की वर्षाच्या आतल्या बाळाजवळ झोपताना सुटं पांघरूण, उशी ठेवू नये, घरात निजवताना डोक्याला टोपी नको, पाठीवर निजवावं, पांघरुणाऐवजी अंगालाच एखादा जादा कपडा घालावा. पुण्याला माझी सून नातवाला पिशवीसारख्या झबल्यात निजवते. गोधडी कपाटात. तिच्या आईला ती परकी रीत वाटते. मला तिच्यात सासूबाईंची मायाच दिसते, फक्त बाळाला विचारून केलेली.

महाराजांना मी हे सप्ताह उठल्यावर, पंगतीनंतर बोलले. ते हसून म्हणाले, “ताई, निष्काम म्हणजे स्वतःसाठी काही नको. बाळ वाचावं ही इच्छा स्वतःसाठी थोडीच आहे?” अर्धं मला पटलं. निजलेल्या बाळाला कळत नाही की कोण उठलं, किती वेळा उठलं. मोठेपणी आठवणार नाही. तो हिशेब कुठे जमा होत नाही. पण उरलेलं अर्धं अजून पटलेलं नाही. फळाची आशा धरू नका म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतो. मला काय मिळालं, हे विचारू नये; मान्य. पण पोचलं का, हे विचारायलाच हवं. जानेवारीत ब्लँकेटवाटपाचे फोटो निघतात, त्यांत हा दुसरा प्रश्न विचारणारा कुणी दिसत नाही. दिलं, कृष्णार्पण झालं, संपलं. आई असं कधी करत नाही. ती पांघरते आणि थोड्या वेळाने पुन्हा हात लावून बघते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना नेमकं हेच शिकवलं. थर्मामीटर, वजनकाटा, बाळाला ठेवायची उबदार पिशवी घेऊन त्या आरोग्यदूत घरोघरी जायच्या. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्या गावांतल्या आयांची माया आधी काही कमी नव्हती.

जनाबाईची कथा या दृष्टीने मला फार शहाणी वाटते. देव तिच्या झोपडीत राहिला आणि पहाटे घाईत स्वतःचा शेला विसरून तिची वाकळ पांघरून देवळात गेला. मग चोरीचा आळ, सूळ, सुळाचं पाणी, हे सगळे कीर्तनात रंगवून सांगतात. मी वाकळीपाशीच अडकते. चंद्रभागेच्या काठच्या थंडीत भरजरी शेला काय कामाचा, हे कथा रचणाऱ्याला माहीत असणार.

आमच्या गावाबाहेर दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, चाळीसगाव-नांदगावकडच्या. शेताच्या कडेला कोप्या. भर थंडीत पहाटे तीन-चारला माणसं तोडीला निघतात आणि लहानगी पोरं पाचटावर, बांधावर झोपलेली असतात. यंदा सप्ताहाच्या वर्गणीतून देवाला नवी शाल घ्यायची ठरली, तेव्हा मी म्हटलं, शाल घ्या, पण कोप्यांतही काही द्या. कमिटीने ब्लँकेट म्हटलं. मी म्हटलं, आधी विचारून येते.

कोप्यांतल्या बायका म्हणाल्या, ब्लँकेटं आहेत हो, दरवर्षी कुणीतरी देतंच. रात्री दव पडतं, खालून ओल येते, पहाटेपर्यंत सगळं चिंब. ओली ब्लँकेटं पोरांवर घालून काय करू? ताडपत्री द्या, जाड. एक खाली घालायला, एक कोपीवर.

पिंपळगावच्या बाजारातून ताडपत्र्या आणल्या. तो खर्च ‘देवाची वस्त्रे’ या सदरात लिहा, असं मी खजिनदारांना सुचवलं. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि ‘किरकोळ’मध्ये लिहिला.