संशयाचं काय करायचं?

‘छातीत पाणी झालंय,’ असं सांगत गोंदियाच्या शासकीय मेडिकलमध्ये आलेल्या पेशंटच्या घरच्यांना एवढंच विचारायचं असतं: साधं आहे की कॅन्सर? बहुतेकदा संशय आधी टीबीवर जातो. काढलेल्या पाण्यात एडीए हे एन्झाइम वाढलेलं निघालं, तर तो बळावतो.

पण फुप्फुसाच्या आवरणावरच जाड थर किंवा गाठ दिसली, की तुकडा काढावा लागतो. मग खरी पंचाईत सुरू होते. टीबीने किंवा न्यूमोनियाने सुजलेल्या आवरणाच्या पेशी चिडून वाढतात. त्यांची केंद्रकं मोठी होतात, पेशी गर्दी करतात, भराभर विभागतात. मेसोथेलिओमा या कॅन्सरच्या पेशीही हुबेहूब तशाच दिसू शकतात.

हा पेच जुन्या तर्कशास्त्रालाही ठाऊक होता. न्यायदर्शनाने मोजलेल्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेयाच्या पाठोपाठ तिसरा येतो संशय. अंधुक उजेडात दूर उभं आहे ते खुंट की माणूस? उंची दोघांचीही सारखीच. सारखेपणाने संशय उपजतो. तो फिटतो एकाचाच असलेला विशेष धर्म दिसल्यावर.

सूक्ष्मदर्शकाखाली नेमका तोच शोध चालतो. पेशी आवरण ओलांडून खालच्या चरबीत घुसल्या आहेत का? केंद्रकातलं बीएपी१ हे प्रथिन नाहीसं झालंय का? झालं असेल, तर कॅन्सरच्या बाजूने भक्कम पुरावा. शाबूत असेल, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. कितीतरी मेसोथेलिओमांत ते टिकून असतं.

पूर्वायुष्यही साक्ष देतं, पण अर्धवट. ॲस्बेस्टॉसची धूळ छातीत गेल्यावर हा रोग उमटायला वीस ते चाळीस वर्षंही लागतात. तरीही आयुष्यभर ॲस्बेस्टॉसचे पत्रे कापणाऱ्याला साधा टीबी होऊ शकतोच.

म्हणून कधी रिपोर्टवर ‘संशयास्पद वाढ, पुन्हा तुकडा घ्यावा’ एवढंच येतं. घरच्यांना ती टाळाटाळ वाटते. गाडीभाडं, बुडालेली मजुरी आणि पुन्हा छातीत सुई. हा खर्च कोणत्याही दर्शनात धरलेला नाही. पण घाईने कॅन्सर म्हटलं, तर केमोचे हाल फुकटचे. घाईने साधं म्हटलं, तर हातातले महिने गेले.

चरकसंहितेच्या विमानस्थानातही वैद्यांच्या वादासाठी संशयाची व्याख्या दिली आहे आणि तिथलं उदाहरण थेट रोग्याच्या उशाचं आहे. दीर्घायुष्याची लक्षणं असलेले आणि नसलेले, उपचार घेतलेले आणि न घेतलेले, अशा सगळ्यांतच काही लवकर जातात, काही खूप जगतात. मग अकाली मृत्यू असतो की नसतो? पुढे उपचार करायला बसणाऱ्या वैद्यालाच हा प्रश्न शिकवला जाई.